सर्व्हेअर एक, साइट तीन: मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्टमधला सामाईक रिसोर्स व्ह्यू आपल्या सोयीने कसा लावावा

"पुढच्या बुधवारी सर्व्हेअर मोकळा आहे का?" बांधकामाच्या ऑफिसात हा प्रश्न रोज कुणीतरी विचारतंच. साइट तीन, सर्व्हेअर एक. प्रत्येक साइट इंजिनिअरच्या फाइलीत तो मोकळाच दिसतो, कारण ज्याच्या त्याच्या फाइलीत फक्त त्याचंच काम असतं. यावर उपाय म्हणून मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्टमध्ये, म्हणजे कामांचं वेळापत्रक आखायच्या प्रोग्रॅममध्ये, रिसोर्स पूल करता येतो. माणसं आणि यंत्रं, म्हणजेच रिसोर्सेस, एका वेगळ्या फाइलीत ठेवायची, आणि बाकीच्या फाइलींनी ती तिथून घ्यायची. बऱ्याच ऑफिसांत एवढं केलेलं असतं. तरी प्रश्न सुटत नाही, कारण पूल उघडला की समोर जे येतं त्यात सर्व्हेअरच्या नावाखाली 'लाइन-आउट' (जागेवर आखणी करणं) हे काम तीनदा दिसतं आणि कोणतं कोणत्या साइटचं हे कळायला मार्ग नसतो.

पुढचं सगळं त्या पडद्याची मांडणी, म्हणजे व्ह्यू, बदलण्याबद्दल आहे. संगणकावर बसवलेली, डेस्कटॉप आवृत्ती गृहीत धरली आहे. पूल अजून जोडलेला नसेल तर पूलची फाइल आणि आपली फाइल दोन्ही उघडा. आपल्या फाइलीत असताना रिसोर्स टॅबवर रिसोर्स पूल, मग शेअर रिसोर्सेस, आणि तिथे 'यूज रिसोर्सेस फ्रॉम' निवडून पूलचं नाव द्या. त्याच खिडकीत खाली विचारतात की दोन्हीकडची माहिती जुळली नाही तर कुणाचं खरं मानायचं. 'पूल टेक्स प्रिसिडन्स' ठेवा. नाहीतर एखादा इंजिनिअर आपल्या फाइलीत दर बदलेल आणि तो सगळ्यांना लागू होईल. फाइलींची नावंही आत्ताच नीट ठरवा. पुढे ती स्तंभात दिसणार आहेत, आणि जोडणी झाल्यावर फाइलचं नाव किंवा जागा बदलली तर दुवा तुटतो.

उघडतानाच अर्धं काम

साइटची फाइल उघडताना प्रोजेक्ट विचारतं की पूलही उघडायचा की नाही. घाईत 'डू नॉट ओपन अदर फाइल्स' दाबलं, तर बाकीच्या साइटची कामं दिसणार नाहीत आणि सर्व्हेअर पुन्हा मोकळा वाटेल. व्ह्यू कितीही सुंदर लावा, इथे चुकलं की आकडे अपुरेच.

पूलची फाइल थेट उघडली तर तीन पर्याय येतात. पहिला फक्त वाचण्यासाठी. रोजच्या पाहणीला हाच घ्या, कारण त्यात इतरांचं काम अडत नाही. दुसऱ्यात पूल बदलता येतो, पण तेवढा वेळ बाकीच्यांना पूलचं दार बंद. तिसऱ्यात पूल आणि जोडलेल्या सगळ्या फाइली मिळून एक नवी मास्टर फाइल तयार होते.

मांडणीशी याचा थेट संबंध आहे. वाचण्यापुरती उघडलेल्या पूलमध्ये तासभर खपून व्ह्यू लावलात, तरी तो त्या फाइलीत जतन होणार नाही. म्हणून हे काम दुसऱ्या पर्यायाने उघडून करा, आणि संध्याकाळी ऑफिस रिकामं झाल्यावर करा. भर दुपारी पूल अडवून बसलात तर साइटवरून फोन येतील.

आधी नक्कल, मग बदल

व्ह्यू टॅबवर रिसोर्स व्ह्यूज या गटात रिसोर्स युसेज आहे. डावीकडे माणसाचं नाव, खाली त्याची कामं, उजवीकडे दिवसवार तास. हाच आपला कच्चा माल. पण त्याला हात लावू नका.

प्रोजेक्टमध्ये व्ह्यू म्हणजे एक मोट असते. तिच्यात टेबल वेगळं, ग्रुप वेगळा, फिल्टर वेगळा. टेबल म्हणजे स्तंभांची यादी, आणि एकच टेबल अनेक व्ह्यू वापरू शकतात. मला हे ठाऊक नव्हतं तेव्हा मी मूळ 'युसेज' टेबलातला वर्क हा स्तंभ नको म्हणून काढून टाकला. सोमवारच्या बैठकीचा तक्ता त्याच टेबलावर उभा होता. छापून आला तो एकूण तासांशिवाय, आणि ते माझ्या लक्षात आलं साहेबांच्या हातात कागद पडल्यावर.

तेव्हा क्रम असा ठेवा:

1. व्ह्यू टॅबवर टेबल्स, मोअर टेबल्स. रिसोर्सची टेबलं निवडा, 'युसेज'वर उभे राहून कॉपी दाबा आणि नाव द्या, उदाहरणार्थ 'सामाईक तास'.
2. रिसोर्स युसेजच्या बटणाखालच्या यादीतून मोअर व्ह्यूज. तिथे 'रिसोर्स युसेज'ची कॉपी काढा. नाव 'सामाईक वापर'.
3. उघडलेल्या व्याख्येच्या खिडकीत टेबलच्या जागी 'सामाईक तास' निवडा. ग्रुप आणि फिल्टर सध्या मूळचेच राहू द्या.
4. 'शो इन मेनू'वर खूण करा, नाहीतर दरवेळी मोअर व्ह्यूजमध्ये शोधत बसावं लागतं.

नावं मराठीत दिली तरी चालतात. फायदा असा की मूळचं कोणतं आणि आपलं कोणतं हे यादीत लांबूनच ओळखू येतं.

हे काम कोणत्या साइटचं?

सगळ्या लेखातून एकच गोष्ट करणार असाल तर ही करा. नव्या व्ह्यूमध्ये रिसोर्सच्या नावाशेजारच्या स्तंभाच्या मथळ्यावर उजवं बटण दाबा, इन्सर्ट कॉलम घ्या आणि यादीतून 'प्रोजेक्ट' निवडा. आता प्रत्येक कामासमोर ते ज्या फाइलीतून आलं तिचं नाव दिसेल. रिसोर्सच्या स्वतःच्या ओळीत पूलचं नाव येईल, तिकडे दुर्लक्ष करा.

त्यालाच लागून 'टास्क समरी नेम' हा स्तंभही घाला. 'लाइन-आउट' कोणत्या साइटचं हे पहिल्या स्तंभाने सांगितलं, ते बी विंगचं की पार्किंगचं हे दुसरा सांगेल. यापुढे स्तंभ वाढवण्याचा मोह आवरा. डावी बाजू रुंदावली की उजवीकडचे दिवस दिसेनासे होतात, आणि आपण आलो होतो ते दिवस बघायलाच.

यादी लांब असेल तर गट पाडा. रिसोर्स शीटमध्ये 'ग्रुप' नावाचा स्तंभ असतो, बहुतेकांचा रिकामाच. त्यात सर्व्हे, सिव्हिल, इलेक्ट्रिकल, यंत्रं असं भरा. मग व्ह्यू टॅबवरच्या 'ग्रुप बाय'मधून रिसोर्स ग्रुप निवडला की यंत्रं एकीकडे, माणसं एकीकडे. माणसांऐवजी साइटनुसार बघायचं असेल तर न्यू ग्रुप बाय घ्या, 'ग्रुप असाइनमेंट्स, नॉट रिसोर्सेस'वर खूण करा, फील्ड 'प्रोजेक्ट' आणि त्याचा प्रकार असाइनमेंट ठेवा. वरिष्ठांना हा दुसरा प्रकार आवडतो. मला तो रोजच्या कामाला फारसा उपयोगी वाटत नाही, कारण त्यात एकच माणूस तीन ठिकाणी विखुरतो.

उजवी बाजू: तास किती, उरले किती

उजवीकडे सुरुवातीला फक्त 'वर्क' दिसतं, म्हणजे नेमून दिलेले तास. मोकळा आहे का, या प्रश्नाचं उत्तर त्यात नाही. ते 'रिमेनिंग अव्हेलेबिलिटी'त आहे. फॉरमॅट टॅबवर अ‍ॅड डिटेल्स दाबा आणि डावीकडच्या यादीतून ते उजवीकडे न्या. त्याच खिडकीत प्रत्येक तपशिलाला पार्श्वभूमीचा रंग देता येतो. मी उरलेल्या तासांना फिकट हिरवा देतो. शेजारच्या युसेज प्रॉपर्टीज या पानावर तपशिलाचं मथळ्याचं नाव सगळ्या ओळींवर दाखवायचं का, आकडे डावीकडे की उजवीकडे, असली किरकोळ सोय आहे.

उरलेले तास त्या माणसाच्या कॅलेंडरवरून निघतात. तुमच्याकडे दुसरा आणि चौथा शनिवार सुट्टीचा असेल आणि ते कॅलेंडरात भरलेलं नसेल, तर हा हिरवा रकाना खोटं बोलेल. चेंज वर्किंग टाइममध्ये एक्सेप्शन घालून, डिटेल्समध्ये मासिक पुनरावृत्ती घेऊन 'दुसरा शनिवार' असं एकदाच सांगता येतं. चौथ्यासाठी तसंच दुसरं. यंत्राचंही बघा: दोन क्रेन असतील तर रिसोर्स शीटमध्ये मॅक्स युनिट्स (एका वेळी जास्तीत जास्त किती उपलब्ध) 200% हवेत. टक्क्यांऐवजी सरळ 2 दिसायला हवं असेल तर फाइल, ऑप्शन्स, शेड्यूलमध्ये दशांशाचा पर्याय आहे. क्रेनच्या बाबतीत तो जास्त कळतो.

नाव लाल का झालं?

इथे जरा थांबू, कारण लाल नावावरून भांडणं होतात.

समजा, बुधवारी सर्व्हेअरला दोन साइटवर चार-चार तासांचं काम आहे. बेरीज आठ, दिवसही आठ तासांचा. तरी नाव लाल. कारण दोन्ही कामं सकाळी 8 लाच सुरू होतात असं फाइलींत लिहिलेलं आहे, म्हणजे पहिले चार तास तो 200% गुंतलेला. लाल रंग त्या क्षणिक गर्दीला येतो. नावाच्या डावीकडे उद्गारचिन्हाची पिवळी खूण येते ती वेगळ्या हिशेबाने. लेव्हलिंग, म्हणजे कामं पुढेमागे करून गर्दी हटवणं, त्याच्या ऑप्शन्समध्ये गर्दी दिवसाच्या हिशेबाने बघायची की तासाच्या की आठवड्याच्या, हे ठरवलेलं असतं, आणि मुळात तिथे 'डे बाय डे' असतं. म्हणून नाव लाल पण पिवळी खूण नाही, असं दिसलं तर बहुधा एक काम दुपारी ढकलून भागतं. खूणही असेल तर दिवसाचेच तास जास्त झालेत. तिथे दोन साइट इंजिनिअरना एका टेबलावर बसवण्यावाचून गत्यंतर नाही.

हे डोळ्यांना दिसावं म्हणून अ‍ॅड डिटेल्समधून 'पीक युनिट्स' (एका वेळी जास्तीत जास्त किती टक्के गुंतला) आणि 'ओव्हरअलोकेशन' (किती तास जादा झाले) तात्पुरते आणा. कायमचे ठेवले तर एका माणसामागे चार ओळी होतात आणि तक्ता वाचवत नाही.

रंगाचंही सांगतो. ऑफिसातला प्रिंटर काळा-पांढरा असेल तर लाल आणि काळं सारखंच. फॉरमॅट टॅबवर टेक्स्ट स्टाइल्स उघडा, 'ओव्हरअलोकेटेड रिसोर्सेस' निवडा, अक्षर ठळक करा आणि मागे करडी छटा द्या. 'असाइनमेंट रो' निवडून कामांची अक्षरं एक पायरी लहान करा, म्हणजे नावं उठून दिसतात.

फक्त अडलेलीच माणसं बघायची असतील तर 'ओव्हरअलोकेटेड रिसोर्सेस' हा फिल्टर तयार आहे. मात्र तारखा बदलल्या तरी फिल्टर आपणहून ताजा होत नाही. कंट्रोल आणि एफ3 दाबून तो पुन्हा लावावा लागतो, नुसत्या एफ3 ने सगळे परत येतात. व्ह्यूच्या व्याख्येत 'हायलाइट फिल्टर' घेतलं तर बाकीचे गायब न होता अडलेले तेवढे रंगतात. मला हे बरं वाटतं. मोकळं कोण आहे हे त्याच पानावर दिसलं तरच अदलाबदल सुचते.

दिवस, आठवडे आणि ####

व्ह्यू टॅबवरच्या टाइमस्केलमध्ये खालची पट्टी दिवसाची, मधली आठवड्याची ठेवा. वरची तिसरी पट्टी लागत नाही. आकड्यांच्या जागी #### दिसलं तर घाबरू नका, रकाना अरुंद आहे एवढंच. त्याच खिडकीत साइज 100 वरून 125 करा. आठवडा रविवारऐवजी सोमवारपासून हवा असेल तर ती सोय टाइमस्केलमध्ये नाही, फाइलच्या ऑप्शन्समध्ये शेड्यूलखाली आहे.

सगळ्यांना हाच व्ह्यू द्यायचा तर

नवा व्ह्यू मुळात दोन ठिकाणी जातो: चालू फाइलीत आणि तुमच्या संगणकावरच्या ग्लोबल डॉट एमपीटी नावाच्या फाइलीत. तुमचे सगळे प्रयोग प्रत्येक नव्या फाइलीत डोकावू नयेत असं वाटत असेल, तर ऑप्शन्समधल्या अ‍ॅडव्हान्स्ड पानावर नवे व्ह्यू आपोआप ग्लोबलमध्ये घालण्याची खूण काढून टाका.

पूलमध्ये जतन केलेला व्ह्यू पूल उघडणाऱ्या प्रत्येकाला मिळतो. साइटच्या फाइलींत मात्र तो न्यावा लागतो. पूल आणि ती फाइल दोन्ही उघड्या ठेवून फाइल, इन्फो, ऑर्गनायझर उघडा. एका बाजूला पूल, दुसऱ्या बाजूला साइटची फाइल निवडा आणि व्ह्यूज या पानावरून 'सामाईक वापर' कॉपी करा. मग टेबल्सच्या पानावर जाऊन 'सामाईक तास', आणि स्वतःचा ग्रुप केला असेल तर ग्रुप्सच्या पानावरून तोही. व्ह्यूबरोबर त्याचं टेबल आलंच असेल असं धरून चालू नका.

छापायचं असेल तर पेज सेटअपमध्ये कागद आडवा, शक्यतो ए3, आणि शेवटच्या व्ह्यू या पानावर ओळींची आणि स्तंभांची बेरीज छापण्याच्या खुणा करा. तारखा प्रिंटच्या पडद्यावरच पुढच्या दोन आठवड्यांपुरत्या ठेवा. तारखा मोकळ्या सोडल्यात तर प्रोजेक्ट संपेपर्यंतचे सगळे दिवस छापून येतील, आणि दुपारी प्रिंटरपाशी कोण उभं होतं याची चौकशी सुरू होईल.