दुकानातला संगणक विंडोज 11 वर न्यावा का, आणि न्यायचा तर कसा

14 ऑक्टोबर 2025 रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज 10 चा सपोर्ट थांबवला, पण दुसऱ्या दिवशी नागपूरच्या इतवारीतल्या आणि गांधीबागेतल्या दुकानांत बिले नेहमीसारखीच निघाली, आणि म्हणूनच बहुतेकांनी हा विषय पुढे ढकलला. सपोर्ट संपला म्हणजे संगणक बंद पडला असे नाही. त्यात सापडणाऱ्या नव्या सुरक्षा-त्रुटी यापुढे बुजवल्या जाणार नाहीत. त्याची किंमत काय असते, हे मे 2017 मध्ये वॉनाक्राय या विषाणूने दाखवले. त्या त्रुटीवरची दुरुस्ती दोन महिने आधीच, मार्चमध्ये, उपलब्ध होती. ज्या संगणकांवर ती चढवलेली नव्हती, त्यांच्या फाइली कुलूपबंद झाल्या आणि त्या सोडवण्यासाठी खंडणी मागण्यात आली. ज्या संगणकावरून बँकेचे व्यवहार आणि जीएसटीची विवरणपत्रे होतात, तो असा उघडा ठेवू नये. त्यामुळे विंडोज 11 वर जावे का, याचे माझे उत्तर स्पष्ट ‘होय’ आहे. मात्र कोणता संगणक, केव्हा आणि कोणत्या क्रमाने, याचा विचार न करता केलेला बदल दुकानाला विषाणूइतकाच महाग पडू शकतो.

गेली अनेक वर्षे मी शहरातल्या लहान व्यावसायिकांचे संगणक सांभाळतो. एका औषध दुकानात मी स्वतः घाई केली होती. संगणक धडधाकट होता, परवाना खरा होता, म्हणून एका रविवारी दुपारी नवी विंडोज टाकून दिली. सोमवारी सकाळी मालकांनी बिलिंगचा आयकॉन उघडला, तेव्हा हा प्रोग्राम या संगणकावर चालू शकत नाही, एवढाच संदेश पडद्यावर आला. ते सॉफ्टवेअर डॉसच्या, म्हणजे विंडोजच्या आधीच्या प्रणालीच्या काळातले, सोळा बिटांचे होते. काउंटरसमोर चार गिऱ्हाइके चिठ्ठ्या घेऊन उभी असताना ते मला म्हणाले, “भाऊ, माहा सारा हिशोब त्यातच आहे ना!” हिशोब बुडाला नाही, कारण आदल्या दिवशी मी पूर्ण बॅकअप घेतला होता, पण दोन दिवस बिले हाताने लिहावी लागली. ती चूक माझी होती, आणि तेव्हापासून मी आधी संगणकाकडे नव्हे, तर त्यावर चालणाऱ्या कामाकडे पाहतो.

म्हणून पहिली पायरी कागद आणि पेन घेऊन करावी. त्या संगणकावर चालणारे प्रत्येक सॉफ्टवेअर आणि त्याला जोडलेले प्रत्येक यंत्र लिहून काढावे. विंडोज 10 ची 32 बिटांची आवृत्ती जुने डॉस प्रोग्राम चालवू शकत होती. विंडोज 11 केवळ 64 बिटांची आहे, त्यामुळे ते प्रोग्राम तिच्यावर थेट चालत नाहीत. तीन-चार प्रतींचे बिल छापणारा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर अनेकदा पॅरलल पोर्ट या जुन्या रुंद जोडणीवर असतो, आणि नव्या संगणकांना बहुधा तो पोर्टच नसतो. डिजिटल स्वाक्षरीच्या यूएसबी टोकनला, बारकोड स्कॅनरला, तोलकाट्याला नवे ड्रायव्हर, म्हणजे ते यंत्र चालवणारे सॉफ्टवेअर, लागू शकते. महालातल्या छापखान्यांनी आणि टायपिंगचे काम करणाऱ्यांनी विशेष काळजी घ्यावी, कारण युनिकोडपूर्व मराठी फॉन्ट नव्या विंडोजवर दिसतात, पण त्या फॉन्टमध्ये टाइप करून देणारे जुने कीबोर्ड-सॉफ्टवेअर किंवा त्याचे डोंगल (परवान्यासाठी संगणकाला लावायची छोटी कळ) चालेलच असे नाही. प्रत्येक ओळीसमोर संबंधित विक्रेत्याला फोन करून ‘विंडोज 11 वर चालते का’ याचे उत्तर लिहून घ्यावे, आणि शक्य असल्यास ते उत्तर व्हॉट्सॲपवर लेखी मागवावे.

त्यानंतर संगणकाची पात्रता पाहावी. विंडोज 11 ला किमान 4 जीबी रॅम आणि 64 जीबी जागा लागते. प्रत्यक्षात मात्र 8 जीबी रॅम आणि एसएसडी ही वेगवान डिस्क नसेल तर काउंटरवर ती वापरण्याजोगी राहत नाही, असा माझा अनुभव आहे. खरी अडचण प्रोसेसरची असते. इंटेलचा असेल तर साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा हवा: आय फाइव्ह 7400 चालत नाही, 8400 चालतो. याशिवाय टीपीएम 2.0 ही सुरक्षा-चिप लागते. ती अनेक संगणकांत असते, फक्त बायोसमध्ये, म्हणजे संगणकाच्या मूळ सेटिंग्जमध्ये, बंद ठेवलेली असते. मायक्रोसॉफ्टचे ‘पीसी हेल्थ चेक’ हे मोफत साधन चालवले की संगणक बसतो की नाही आणि नसेल तर कशामुळे, हे कळते. बायोसमध्ये हात घालण्यापूर्वी डिस्कला कुलूप लावणारे विंडोजचे बिटलॉकर चालू आहे का ते पाहून त्याची रिकव्हरी-की कागदावर उतरवून ठेवावी. ती नसेल तर स्वतःच्याच डेटाची दारे आपल्यासाठी बंद होऊ शकतात. अपात्र संगणकावर आडमार्गाने विंडोज 11 बसवून देणारे सापडतात, परंतु तशा संगणकाला अद्यतने मिळत राहतील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, आणि आपण बदल करतो तो अद्यतनांसाठीच.

विंडोज 10 चा परवाना खरा असेल आणि संगणक पात्र असेल, तर हा बदल विनामूल्य आहे. परवाना खोटा असेल तर तो प्रश्न आधी सोडवावा, कारण विंडोज ‘ॲक्टिव्हेट’ करून देणारी चोरटी साधने अनेकदा स्वतःच विषाणू घेऊन येतात.

पात्र नसलेल्या संगणकासाठी वाढीव सुरक्षा-अद्यतने विकत घेता येतात. व्यवसायांसाठी त्यांचा दर पहिल्या वर्षी संगणकामागे 61 डॉलर आहे आणि तो दरवर्षी दुप्पट होतो, म्हणजे तीन वर्षांचे 427 डॉलर होतात. दुसऱ्या वर्षी सामील झालात तरी पहिल्या वर्षाचे पैसे भरावेच लागतात. तिन्ही वर्षांच्या रकमेत साधा नवा संगणक जवळपास येतो, त्यामुळे ही सोय फार तर एका वर्षासाठी, नव्या खरेदीची तजवीज होईपर्यंत घ्यावी. डॉसवरचे सॉफ्टवेअर सोडणे शक्यच नसेल, तर तो जुना संगणक इंटरनेटपासून पूर्ण तोडून केवळ बिलिंगला ठेवावा आणि बँक, ईमेल, जीएसटी दुसऱ्या संगणकावर न्यावे.

वेळ निवडताना पंचांग नव्हे, विवरणपत्रांच्या तारखा पाहाव्यात. मासिक जीएसटीआर-1 ची मुदत 11 तारखेची आणि जीएसटीआर-3बी ची 20 तारखेची असते, म्हणून 21 नंतरचा सुटीचा दिवस उत्तम. दिवाळीच्या आधीचा महिना आणि मार्च टाळावा. संत्र्याच्या व्यापाऱ्यांनी ऐन हंगामात या कामाला हात लावू नये. टॅलीचा किंवा अन्य हिशोबाचा डेटा दोन ठिकाणी घ्यावा, त्यातली एक प्रत संगणकापासून वेगळ्या ठेवलेल्या हार्ड डिस्कवर असावी, आणि ती दुसऱ्या संगणकावर उघडून मागच्या आठवड्याचे एखादे बिल खरोखर दिसते का ते पाहावे. उन्हाळ्यात वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो, त्यामुळे यूपीएसची बॅटरी तपासल्याशिवाय सुरुवात करू नये.

दुकानात दोन-तीन संगणक असतील तर सर्वांत कमी महत्त्वाचा आधी बदलावा आणि बिलिंगचा सर्वांत शेवटी. बदल झाल्यावर त्याच दिवशी एक बिल छापून, एक ई-वे बिल काढून आणि डिजिटल स्वाक्षरी लावून पाहावी. काही अडले तर सेटिंग्जमधून पहिल्या 10 दिवसांत विंडोज 10 वर परतता येते. तेवढे दिवस डिस्कवरची जागा मोकळी करण्यासाठी ‘विंडोज डॉट ओल्ड’ नावाचा फोल्डर कोणालाही पुसू देऊ नये.