मुलांसोबत इतिहासाच्या पुस्तकांवर चर्चा घेताय? मग या चुका टाळा

लायब्ररीत असा उपक्रम सुरू केला की पहिल्या दिवशी खुर्च्या कमी पडतात आणि तिसऱ्या सेशनला जेमतेम चार मुलं येतात, हे मी स्वतः अनुभवलंय. तेव्हा वाटलं पुस्तकच कंटाळवाणं निवडलं, पण पुस्तक छान होतं, माझे प्रश्न चुकत होते.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे प्रश्नमंजुषा. लढाई कधी झाली, कोण जिंकलं, नंतर गादीवर कोण आलं, असं सुरू झालं की ज्यांना पाठ आहे ती दोन मुलं बोलतात आणि बाकीची मान खाली घालून पानं उलटत बसतात, कारण त्यांना ती तोंडी परीक्षाच वाटते. सनावळ्या लागतात, नाही असं नाही, पण त्या एका लांब कागदावर लिहून भिंतीला लावा, ज्याला हवं तो बघेल.

एकदा असाच सगळा ग्रुप गप्प होता आणि अकराएक वर्षांच्या एका मुलीने पानावर बोट ठेवून विचारलं, "इथे लिहिलंय राजा मनातल्या मनात म्हणाला, मग ते लेखकाला कुणी सांगितलं?" पुढचा अर्धा तास मला बोलावंच लागलं नाही. मुलांनी कागदाच्या पट्ट्या फाडल्या आणि जिथे लेखकाकडे पत्र, दप्तर, शिलालेख असा काही पुरावा असेल तिथे एक पट्टी, जिथे त्याने कल्पनेने भरलंय तिथे दुमडलेली पट्टी, असं करत अख्खं प्रकरण चाळलं, आणि काही ठिकाणी ठरेचना म्हणून भांडलीसुद्धा. तेव्हापासून आमचा पहिला प्रश्न हाच असतो, हे कळलं कसं?

म्हणूनच ऐतिहासिक कादंबरी आणि इतिहास यांची सरमिसळ करू नका. कादंबरी जरूर घ्या, मुलं त्यातूनच आत शिरतात, पण संवाद लेखकाने रचलेत हे आधी सांगा.

दुसरी चूक, छापलंय म्हणजे अंतिम सत्य, असं वातावरण ठेवणं. अ‍ॅन फ्रँकची डायरी घेतली तर मुलांना हे नक्की सांगा की 1944 च्या मार्चमध्ये नाझींपासून लपून राहणाऱ्या या ज्यू मुलीने रेडिओवर ऐकलं की महायुद्ध संपल्यावर लोकांच्या डायऱ्या आणि पत्रं गोळा करणार आहेत, आणि मग ती स्वतःच आपली डायरी सुट्या कागदांवर पुन्हा लिहायला लागली. 1947 साली पुस्तक आलं ते तिच्या वडिलांनी दोन्ही मजकुरांतून निवडून केलेलं. हे ऐकल्यावर मुलं विचारतात, तिने काय गाळलं असेल? इथे घाईने उत्तर देऊ नका, थांबा. कलेचा इतिहासकार गोम्ब्रिख याने 1935 साली मुलांसाठी लिहिलेला जगाचा इतिहास घेतलात तर तोही असाच, बऱ्याच वर्षांनी त्याने शेवटी नवं प्रकरण जोडलं आणि आधीचं आपलं एक मत चुकलं होतं हे त्यात मान्य केलं. मोठा माणूस छापून आलेली स्वतःची चूक सुधारतो, हे मुलांना फार महत्त्वाचं वाटतं.

अख्खं पुस्तक वाचून या, असं कधीच सांगू नका. वीसेक पानं ठरवा आणि प्रती कमी असतील तर त्यातली दोन पानं तिथेच मोठ्याने वाचा, म्हणजे न वाचून आलेलं मूलही बोलू शकतं.

युद्ध, गुलामगिरी, नरसंहार असले विषय टाळू पण नका आणि अचानक समोर पण टाकू नका. पालकांना आठवडाभर आधी कळवा आणि एखादं मूल अस्वस्थ झालं तर त्याला उठून जाता येईल असं ठेवा. आणि पालक मागे बसून उत्तरं पुरवत असतील तर त्यांना प्रेमाने दुसऱ्या खोलीत बसवा, यात संकोच करू नका, मुलं बोलता बोलता त्यांच्याकडे बघून थांबतात.

शेवटी "मग यातून आपण काय शिकलो?" हे तर विचारूच नका, सगळे ठरलेलं उत्तर देतात. त्यापेक्षा ज्यांची उत्तरं मिळाली नाहीत ते प्रश्न मुलांच्याच अक्षरात फळ्यावर राहू द्या आणि पुढचं सेशन तिथूनच सुरू करा.