यंत्राने इतिहास कसा फिरवला हे शोधायचंय? आधी घोडं कुठं पेंड खात होतं ते बघा

शाळेत आपण शोध म्हणजे नाव आणि साल पाठ केलं, पेपर झाला की विसरलो. त्यातनं काही कळत नाही हो. मी कसं शोधतो ते सांगतो, उदाहरण एकच घेऊ, कापसातली सरकी काढायचं जिन. एली व्हिटनी, अमेरिका, 1793. एवढं वहीत लिहा आणि पुढे चला.

आधी बघा, मशीन यायच्या आधी काम अडत कुठं होतं. इंग्लंडात सूत कातायची यंत्रं आलेली, त्यांना कापूस पुरेना, आणि अमेरिकेतल्या आखूड धाग्याच्या कापसाची सरकी इतकी चिकट की हाताने एका माणसाकडून दिवसाला जेमतेम 1 पौंड रुई निघायची. जिनमुळे ते 50 पौंडांवर गेलं.

आता खरा प्रश्न, जो बहुतेक जण विचारतच नाहीत. अडचण सुटली, मग भार कुणावर गेला? सरकी मशीन काढणार पण लावणी, वेचणी हातानेच, त्यामुळे कष्ट कमी व्हायचे सोडून मळे वाढत गेले आणि मळ्यांवर गुलाम. तिथली जनगणना काढून बघा, 1790 ला साधारण 7 लाख गुलाम, 1860 ला जवळपास 40 लाख. बाहेरून गुलाम आणायला 1808 लाच बंदी आली होती, तरी हे! व्हर्जिनिया राज्यातली माणसं बायकापोरांपासून तोडून आणखी दक्षिणेत विकली. हा आकडा वाचल्यावर मला 'क्रांतिकारी शोध' हा शब्द सहज लिहवत नाही.

मग नकाशा उघडा आणि माल कुठं जात होता ते बघा. 1861 ला अमेरिकेत उत्तर-दक्षिण यादवी पेटली, उत्तरेने दक्षिणेची बंदरं अडवली, इंग्लंडातल्या लँकेशायरच्या गिरण्या कापसाविना बसल्या आणि व्यापारी धावले मुंबईकडे. शहरात पैशाचा पूर, रोज नवी कंपनी, 1865 ला युद्ध संपलं की भाव कोसळले, बँक ऑफ बॉम्बेसुद्धा त्या तडाख्यातनं वाचली नाही. वऱ्हाडातला कापूस मात्र रेल्वेला जोडला जात राहिला, 1870 ला खामगावपर्यंत फाटा आला.

विदर्भ-खानदेशात राहत असाल तर पुढचं काम पायी करा. स्टेशनजवळ जुनं जिनिंग-प्रेसिंग सापडतं का बघा, गाठी बांधून थेट गाडीत चढवता याव्यात म्हणून ती रुळांच्या आसपास असायची. तिथं काम केलेली एखादी आजी भेटली तर सीझनला माणसं कुठून यायची, मजुरी काय मिळायची, रुईच्या धुळीने खोकला व्हायचा का, सगळं विचारा आणि ती सांगेल तसंच लिहून घ्या.