लहान मुलाचा इसब: घरच्या घरी रोज काय करायचं

रात्री दोनला अंथरुणातून खरखर आवाज यायचा. लेक झोपेतच कोपराच्या खोबणीत खाजवत असायची, आणि सकाळी चादरीवर रक्ताचे बारीक ठिपके दिसायचे. डॉक्टरांनी दिलेली मलमं घरात होती. आम्ही ती फार हात राखून लावत होतो, हे कळायला वर्ष गेलं.

आधी घरातल्या सगळ्यांना, आजी-आजोबांनाही, बसवून सांगा: इसब म्हणजेच एक्झिमा एकापासून दुसऱ्याला लागत नाही आणि रक्त बिघडल्यामुळेही होत नाही. या मुलांच्या त्वचेत ओलावा टिकत नाही. ती कोरडी पडते, खाज सुटते, खाजवलं की आणखी फाटते. बरीचशी मुलं मोठी होता होता यातून सुटतात, पण तोवर रोजची काळजी घ्यावी लागते. निदान मात्र डॉक्टरांकडूनच करून घ्या. घरात रात्री सगळ्यांनाच खाज येत असेल, तर ती खरूज असू शकते आणि तिचे उपचार वेगळे आहेत.

आंघोळ. कोमट पाणी, 5 ते 10 मिनिटं, बस. बेसन, उटणं, घासणी, पाण्यात जंतुनाशकाचे थेंब, हे सगळं बंद. साबण सौम्य आणि बिनवासाचा घ्या. अंग पंच्यानं टिपा, पुसू नका.

मॉइश्चरायझर. अंग ओलसर असतानाच, तीनेक मिनिटांत, सगळ्या अंगाला लावा, नुसत्या चट्ट्यांना नाही. लव ज्या दिशेला वळते त्याच दिशेनं हात फिरवा. दिवसातून किमान दोनदा. अंगभर कोरडेपणा असलेल्या मुलाला आठवड्याला 250 ग्रॅम किंवा जास्तही लागतं. 50 ग्रॅमची ट्यूब महिनाभर पुरत असेल, तर तुम्ही फारच कमी लावताय. महागडं क्रीम परवडत नसेल तर साधी पेट्रोलियम जेली उत्तम. खोबरेल तेल चालतं. मोहरीचं नको, त्यानं आग होते. डब्यात बोटं बुडवू नका, स्वच्छ चमच्यानं काढा. आणि जेली मुरलेले कपडे पटकन पेट घेतात, म्हणून मुलाला निरांजन, उदबत्ती, गॅसपासून लांब ठेवा.

स्टेरॉइडचं मलम, म्हणजे चट्ट्यांची लाली आणि खाज उतरवणारं औषध. सगळ्यात जास्त भीती याचीच असते. माझ्या सासूबाई ट्यूब कपाटात लपवून ठेवायच्या, आणि त्यांचा हेतू वाईट नव्हता. पण मलम घाबरत घाबरत लावलं की चट्टा अर्धवट बरा होतो आणि पुन्हा उसळतो. माप सोपं आहे: मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत मलमाची रेघ काढा. ते साधारण अर्धा ग्रॅम भरतं आणि मोठ्या माणसाच्याच बोटांसकट दोन तळहातांएवढ्या जागेला पुरतं. लाल, खाजऱ्या जागीच, डॉक्टरांनी सांगितले तितके दिवस. मॉइश्चरायझर आणि हे मलम यांत पंधरा-वीस मिनिटं जाऊ द्या. धोका आहे तो चिठ्ठीशिवाय आणलेल्या, नायट्यावर, बुरशीवर, 'सगळ्यावर चालणाऱ्या' मलमांचा. त्यांत अनेकदा कडक स्टेरॉइड असतं; बाळाच्या चेहऱ्यावर तर ती कधीच लावू नका.

रात्र. नखं कापून कानशीनं गुळगुळीत करा. आत सुती, सैल कपडे. लोकरी स्वेटर थेट अंगावर नको. खाज उठली की ओरडू नका, गार ओली पट्टी ठेवा.

दूध, अंडी मनानं बंद करू नका. वाढत्या वयात उपासमार होते, आणि बहुतेकांच्या इसबाचं कारण खाणं नसतंच.

चट्ट्यांतून पाणी येऊ लागलं किंवा पिवळी खपली धरली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. दुखऱ्या फोडांचे पुंजके उठले आणि ताप आला, तर रात्र असली तरी दवाखाना गाठा. ही वाक्यं आणि डॉक्टरांचा फोन नंबर एका कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवा, म्हणजे तुम्ही कामावर असताना मुलाला सांभाळणाऱ्याच्या डोळ्यांसमोर राहील.