विकास साहाय्याचे आलेख काढताना या चुका टाळा

गोव्यातील पदव्युत्तर विद्यार्थ्यांचे प्रबंध तपासताना एक चूक मला वारंवार आढळते: विकसनशील देशांना जपानने दिलेल्या साहाय्याची रेषा २०१८ साली एकदम उंचावते आणि तिच्याखाली जपानच्या वाढत्या औदार्याची कारणे लिहिलेली असतात. वाढ बव्हंशी मोजणीतली असते. आपल्या पाणीपुरवठा व मलनिस्सारण प्रकल्पासाठी जपानशी २००७ साली झालेला करार आठवावा. ते सवलतीचे कर्ज होते, देणगी नव्हती. जुन्या पद्धतीत अशा कर्जाची दिलेली संपूर्ण रक्कम साहाय्यात धरली जाई आणि परतफेडीचे मुद्दल येईल तसे वजा होई. २०१८च्या आकड्यांपासून मात्र ओईसीडी या मुख्यतः श्रीमंत देशांच्या संघटनेच्या विकास साहाय्य समितीने मुख्य आकड्यात कर्जातील केवळ अनुदानाइतका, म्हणजे सवलतीमुळे देणगीसारखा ठरणारा, भाग धरण्यास सुरुवात केली आणि परतफेड वजा करणे थांबवले. दीर्घ कालखंड दाखवायचा असेल, तर निव्वळ वितरणाची, म्हणजे परतफेड वजा केलेली, जुनी मालिका अजूनही प्रसिद्ध होते, तीच अखेरपर्यंत वापरावी.

२०२२ची उसळीही अशीच तपासून घ्यावी. त्या वर्षी समितीच्या सदस्य देशांच्या एकूण साहाय्यापैकी सुमारे सातवा हिस्सा त्या सदस्य देशांत आलेल्या निर्वासितांवर तिथेच खर्च झाला होता. नियमाने तो साहाय्यात धरता येतो, पण विकसनशील देशांच्या हाती त्यातले काही पडत नाही, आणि प्रबंधाचा विषय तर तेच देश असतात. म्हणून हा खर्च वेगळा काढलाच पाहिजे.

संस्थानिहाय बेरीज जुळत नसेल, तर बहुधा दुहेरी मोजणी झालेली असते: देशांनी जागतिक बँकेच्या आंतरराष्ट्रीय विकास संघटनेला दिलेली वर्गणी आणि त्या संघटनेने पुढे दिलेला निधी एकत्र मिळवू नये. कबूल केलेली रक्कम व प्रत्यक्ष वितरण एका स्तंभात नसावे. तुलना स्थिर किमतींतच, म्हणजे महागाई व विनिमय दरांतील बदल वगळून, करावी.

गोव्यातील अभ्यासक पोर्तुगालचे आकडे हमखास घेतात, तेव्हा आणखी एक सावधगिरी लागते. हा देश १९६० साली समितीच्या पूर्वरूपात सामील झाला, तेव्हा गोवा त्याच्याच ताब्यात होता, आणि त्याचे त्या काळातील साहाय्य मुख्यतः स्वतःच्या वसाहतींकडे जाई. १९७४ साली तो बाहेर पडला व १९९१ साली परतला. मधल्या ज्या वर्षांचे आकडे मालिकेत नाहीत, तिथे शून्य भरू नये; रेषा तोडून जागा रिकामी ठेवावी.