रिअॅक्ट नेटिव्हच्या आयओएस टेम्प्लेटला हात लावण्याआधी

रिअॅक्ट नेटिव्ह म्हणजे जावास्क्रिप्टमध्ये मोबाइल अॅप्स लिहिण्याचं फ्रेमवर्क. त्याचं नवं अॅप तयार केलं की टेम्प्लेटमधून, म्हणजे तयार साच्यातून, आयफोनसाठीचं 'आयओएस' नावाचं एक फोल्डर येतं. बहुतेक जण ते उघडतही नाहीत. जावास्क्रिप्ट लिहायची, सिम्युलेटरवर चालवायचं, आणि फोल्डरमध्ये जे आलंय ते तसंच अॅप स्टोअरपर्यंत जाऊ द्यायचं, असाच सगळा मामला असतो. म्हणून टेम्प्लेटमधली एक ओळ बदलणं म्हणजे आपण कधीही न पाहिलेल्या असंख्य अॅप्समध्ये ती बदलणं. २०२४ मध्ये हे टेम्प्लेट मुख्य रेपोमधून (कोडच्या भांडारातून) निघून कम्युनिटीच्या वेगळ्या रेपोत आलं, त्यामुळे बदल सुचवणं आता सोपं झालंय. ते सुचवण्याआधी काय हाताशी हवं आणि काय तपासायचं त्याची ही यादी; कंपनीसाठी स्वतःचं टेम्प्लेट बनवणाऱ्यांनाही चालेल. कसोटी एकच ठेवा. एखादी सेटिंग चुकीची राहिली तर आधी कोणाला कळतं: डेव्हलपरला त्याच्या मॅकवर, अॅपलच्या रिव्ह्यूअरला, की वापरणाऱ्याला? डेव्हलपरलाच आधी कळत असेल तर ती सेटिंग एक वेळ तशीच राहू द्या. बाकीच्या दोघांसाठीच हा खटाटोप आहे.

सुरुवात कोऱ्या अॅपने करा. ताज्या टेम्प्लेटवरून अॅप बनवा, पॉड्स (कोकोपॉड्स या साधनाने येणाऱ्या तयार लायब्ररी) इन्स्टॉल करा आणि काहीही न बदलता गिटमध्ये, म्हणजे बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात, कमिट करून ठेवा. मग त्याच मॅकवर एक्सकोडच्या (अॅप बनवण्याच्या अॅपलच्या साधनाच्या) स्वतःच्या 'न्यू प्रोजेक्ट'मधून एक रिकामं अॅप बनवा आणि दोन्हींच्या इन्फो प्लिस्ट (अॅपची माहिती आणि परवानग्यांची कारणं नोंदवणारी फाइल) आणि बिल्ड सेटिंग्ज शेजारी ठेवून वाचा. जिथे फरक दिसेल तिथे एक तर फ्रेमवर्कला त्या ओळीची खरी गरज असते, नाहीतर ती जुन्या एक्सकोडच्या काळातली असते आणि काढायचं कोणाच्या मनात आलेलं नसतं. सोबत एक खरा आयफोन आणि पैसे भरलेलं डेव्हलपर अकाउंट हवंच. बंडल आयडी आणि आयकॉन एवढंच बदलून हे कोरं अॅप टेस्टफ्लाइटला, म्हणजे चाचणीसाठी अॅप वाटण्याच्या अॅपलच्या सेवेला, चढवा. त्यावर अॅपलकडून जी इशाऱ्यांची मेल येते तीच तुमच्या कामाची पहिली यादी. सिम्युलेटर यातलं काहीच सांगत नाही.

सर्वांत जास्त वेळ इन्फो प्लिस्टला द्या. तिथलं अभ्यासण्यासारखं उदाहरण म्हणजे 'अॅप वापरात असताना लोकेशन' या परवानगीची ओळ. टेम्प्लेटमध्ये तिची 'की', म्हणजे नोंदीचं नाव, होती, पण कारणाच्या जागी रिकामी स्ट्रिंग (मजकूर). जिओलोकेशनचा कोड जुलै २०१९ मधल्या ०.६० आवृत्तीत फ्रेमवर्कच्या गाभ्यातून बाहेर काढला गेला आणि त्यामागे अॅप स्टोअर रिव्ह्यूत लोकांना येणाऱ्या अडचणी हेच कारण होतं. कोड गेला, पण प्लिस्टमधली रिकामी ओळ त्यानंतरही वर्षानुवर्षं राहिली. ती 'की' मुळात नसती तर लोकेशन मागताक्षणी कन्सोलवर स्पष्ट तक्रार दिसली असती. कॅमेऱ्याची की नसेल तर अॅप सरळ क्रॅश होतं, आणि तेही डेव्हलपरच्या टेबलावर. रिकामी स्ट्रिंग मात्र काम झाल्याचा आभास देते. म्हणून अशा कीज काढून टाका आणि नव्या घालू नका. 'या अॅपला कॅमेरा लागतो' छापाची तयार वाक्यं घालायचा मोह तर अजिबात नको. ती वाक्यं जशीच्या तशी रिव्ह्यूला जातात आणि अॅपलला हवं असतं त्या अॅपचं नेमकं कारण. ते टेम्प्लेट लिहिणाऱ्याला कुठून कळणार?

याच फाइलमध्ये आणखी तीन गोष्टी पाहा. डिव्हाइसच्या आवश्यक क्षमतांमध्ये कितीतरी काळ 'एआरएमव्ही७', म्हणजे जुन्या ३२ बिट प्रोसेसरचा प्रकार, लिहिलेलं होतं. आयओएसने ३२ बिट अॅप्सना २०१७ मध्येच निरोप दिला, पण या ओळीने काही बिघडत नव्हतं म्हणून ती तशीच राहिली. नेटवर्क सुरक्षेच्या सेटिंगमध्ये फक्त लोकल नेटवर्कला सूट असावी, सरसकट नाही. तिथे टेम्प्लेटमध्येच इशारेवजा कॉमेंट आहे, ती काढू नका. तिसरी गोष्ट एन्क्रिप्शनच्या जाहीरनाम्याची, म्हणजे अॅप माहिती कशी सांकेतिक करतं हे अॅपलला सांगण्याची. ती की नसेल तर प्रत्येक बिल्डमागे अॅप स्टोअर कनेक्ट (डेव्हलपरांसाठीचं अॅपलचं संकेतस्थळ) तोच प्रश्न विचारत राहतं, त्यामुळे 'नाही' लिहून मोकळं व्हावंसं वाटतं. पण ते कायदेशीर विधान आहे आणि दुसऱ्याच्या वतीने करायचं नसतं. फार तर टेम्प्लेटच्या सूचनांमधल्या 'पुढच्या पायऱ्या'मध्ये त्याची आठवण द्या.

भाषेचा मुद्दा आपल्या लोकांच्या जास्त कामाचा. मराठी अॅप, सगळे स्क्रीन मराठीत, तरी अॅप स्टोअरच्या पानावर भाषा म्हणून 'इंग्रजी' एवढंच दिसतं, असं तुम्हीही पाहिलं असेल. कारण भाषांतरं जावास्क्रिप्टमध्ये असतात आणि आयओएसला त्यांचा पत्ताच नसतो. त्याला दिसते ती प्रोजेक्टमध्ये नोंदवलेली भाषा, आणि टेम्प्लेटमध्ये इंग्रजीच नोंदवलेली असते. परवानगीच्या खिडकीतलं वाक्यही मग इंग्रजीतच उमटतं. टेम्प्लेटने कोणासाठी भाषा ठरवू नये, पण इन्फो प्लिस्टमधल्या वाक्यांच्या भाषांतराची फाइल आधीच जोडलेली ठेवली तर मराठी किंवा कोकणी घालणं सोपं होईल. हा बदल सुचवताना फोनच्या सेटिंग्जमध्ये त्या अॅपपुरती भाषा निवडण्याचा पर्याय दिसतो का, तेही पाहा. दुसरी भाषा नीट नोंदली गेल्याची ती खूण आहे.

आता बिल्डच्या स्क्रिप्ट्स. नवखे डेव्हलपर इथेच हात टेकतात. टर्मिनलमध्ये नोड (मॅकवर जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्रॅम) चालतो आणि एक्सकोडमध्ये 'नोड सापडत नाही' म्हणून बिल्ड पडतं, कारण डॉकवरून उघडलेलं एक्सकोड तुमच्या शेलची प्रोफाइल (टर्मिनलच्या सेटिंग्जची फाइल) वाचत नाही. यासाठी २०२२ पासून टेम्प्लेटमध्ये नोडचा पत्ता सांगणारी एक एन्व्हायर्नमेंट फाइल आहे, आणि तिच्यावर मात करणारी, प्रत्येकाच्या मशीनपुरती एक लोकल फाइल. ही लोकल फाइल गिटमध्ये जात नाही ना, हे बघा. नोड बदलल्यावर तिच्यात जुना पत्ता राहिला तर येणाऱ्या एररवरून कारण समजतं का, हेही बघा. दुसरा सापळा सँडबॉक्सिंगचा, म्हणजे स्क्रिप्टला ठरावीक फाइल्सपुरतंच बांधून ठेवण्याचा. एक्सकोड १५ पासून नव्या प्रोजेक्टमध्ये स्क्रिप्ट्सचं सँडबॉक्सिंग चालू असतं आणि रिअॅक्ट नेटिव्हच्या, जावास्क्रिप्ट एकत्र बांधणाऱ्या (बंडल करणाऱ्या) स्क्रिप्टला ते झेपत नाही, म्हणून टेम्प्लेटमध्ये ते बंद हवं. पण एक्सकोड अधूनमधून 'रेकमेंडेड सेटिंग्ज'चं पिवळं चिन्ह दाखवतं, माणूस भाबडेपणाने होकार देतो आणि सँडबॉक्सिंग परत चालू होतं. तुमच्या टेम्प्लेटवर हा होकार मुद्दाम देऊन पाहा आणि काय काय मोडतं ते लिहून ठेवा.

पाथमध्ये स्पेस असलेल्या फोल्डरमध्येही बिल्ड करून पाहा. जमल्यास फोल्डरचं नाव देवनागरीत ठेवा. टर्मिनलचं लोकेल (भाषेची आणि अक्षरांची सेटिंग) यूटीएफ-८ नसेल तर कोकोपॉड्स तिथेच अडून बसतं.

कोकोपॉड्स रूबी भाषेत लिहिलेलं आहे. त्या बाजूला हात लावताना जेमफाइल (लागणाऱ्या रूबी लायब्ररींची यादी) नीट वाचा. तिच्यात कोकोपॉड्सच्या १.१५.० आणि १.१५.१ या आवृत्त्या आणि अॅक्टिव्ह सपोर्ट या रूबी लायब्ररीची ७.१.० नावानिशी वगळलेल्या दिसतील. ती अडगळ नव्हे, त्या आवृत्त्यांनी पूर्वी लोकांची बिल्ड्स पाडली होती. नीटनेटकेपणाच्या हौसेने ते अपवाद काढू नका. शिवाय डिसेंबर २०२६ मध्ये कोकोपॉड्सची मध्यवर्ती नोंदवही फक्त वाचण्यापुरती होणार आहे. आधीचे पॉड्स उतरवता येतील, नवे चढवता येणार नाहीत. त्यामुळे पॉडफाइलला (लागणाऱ्या पॉड्सच्या यादीला) नवी कलाकुसर करण्यात आता अर्थ नाही. आहे ते शक्य तितकं साधं ठेवा.

एक्सकोडच्या प्रोजेक्ट फाइलचं प्रकरण नाजूक आहे. नव्या एक्सकोडमध्ये उघडून सेव्ह केली की तुम्ही न मागितलेल्या ओळीही हलतात. एक्सकोड १६ च्या नव्या पद्धतीच्या फोल्डर्सना होकार दिला तर फाइलची आवृत्ती पुढे जाते आणि जुन्या एक्सकोडमध्ये ती उघडत नाही. कोकोपॉड्स वापरतं त्या रूबी लायब्ररीलाही या नव्या आवृत्त्या सुरुवातीला ओळखता येत नव्हत्या. म्हणून डिफ (बदललेल्या ओळींची यादी) वाचून नको त्या ओळी परत फिरवा, पाच ओळींच्या बदलात पन्नास ओळी जाऊ देऊ नका. शिवाय टेम्प्लेटमध्ये अॅपचं नाव 'हॅलोवर्ल्ड' असतं आणि सीएलआय (अॅप बनवणारं टर्मिनलमधलं साधन) ते शोधून बदलतं. नवी फाइल किंवा नवं टार्गेट घातलं तर स्कीम, वर्कस्पेस आणि फोल्डर सगळीकडे नाव बदलतंय का, हे एखादं विचित्र, आकडे असलेलं नाव देऊन तपासा.

आयकॉनची काळजी करू नका. जागा रिकामी असते आणि आयकॉनशिवाय अपलोडच होत नाही, म्हणजे चूक वेळेवर पकडली जाते. लाँच स्क्रीनचं उलट आहे. त्यावर अॅपचं नाव आणि खाली फ्रेमवर्कची जाहिरात करणारी ओळ असते, ती कोणालाच अडवत नाही आणि थेट ग्राहकाच्या फोनवर क्षणभर चमकून जाते. माझ्या मते तिथे कोरी पार्श्वभूमी पुरे, फक्त डार्क मोडमध्ये ती पांढरी भगभगीत दिसू नये.

प्रायव्हसी मॅनिफेस्ट, म्हणजे अॅप कोणता डेटा घेतं आणि ठरावीक एपीआय का वापरतं हे सांगणारी फाइल, मे २०२४ पासून अॅपलने सक्तीचं केलं. टेम्प्लेटमधल्या फाइलमध्ये फ्रेमवर्क स्वतः जे एपीआय (आयओएसने पुरवलेल्या सोयी) वापरतं, म्हणजे फाइलची वेळ, यूजर डिफॉल्ट्स (अॅपने साठवलेल्या सेटिंग्ज) आणि सिस्टिम बूटची वेळ, त्यांची कारणं असावीत आणि तेवढीच असावीत. अॅप कोणता डेटा गोळा करतं ते ज्याचं त्याने भरायचं.

अॅप डेलिगेट, म्हणजे अॅप सुरू होताना आयओएस ज्याच्याशी बोलतं तो कोड, ०.७७ पासून स्विफ्ट या अॅपलच्या भाषेत आहे. पुढचं काम सीन लाइफसायकलचं, म्हणजे अॅपच्या खिडक्या सुरू-बंद होण्याचं व्यवस्थापन अॅपलच्या नव्या पद्धतीने करण्याचं. आयओएस २६ नंतरच्या मोठ्या आवृत्तीच्या एसडीकेने (डेव्हलपरांसाठीच्या साधनसंचाने) बांधलेली आणि सीन न स्वीकारलेली यूआयकिट अॅप्स (अॅपलच्या यूआयकिट या स्क्रीन बनवण्याच्या लायब्ररीवरची) सुरूच होणार नाहीत, असं अॅपलने जाहीर केलंय. हा बदल घालताना डीप लिंक (अॅपमधलं ठरावीक पान उघडणारी लिंक) आणि पुश नोटिफिकेशन बंद अॅपवर आणि चालू अॅपवर वेगवेगळे तपासा, कारण डेलिगेटमधल्या जुन्या मेथड्सकडे येणारे कॉल आता दुसरीकडे जातात.

शेवटचं काम लिहिण्याचं. टेम्प्लेटमधली सुधारणा जुन्या अॅप्सपर्यंत आपोआप पोचत नाही. लोक अपग्रेड हेल्पर या वेब साधनात दोन आवृत्त्यांचा फरक बघून हाताने ओळी उतरवतात. त्यामुळे प्रत्येक बदलासोबत ही ओळ का आली, न उतरवल्यास काय होईल, आणि आधीच स्वतःची व्हॅल्यू घातलेल्याने काय करायचं, एवढं लिहा. बदल रिलीज कँडिडेटच्या (अंतिम आवृत्तीआधी चाचणीसाठी येणाऱ्या आवृत्तीच्या) आधी पाठवा, म्हणजे दुसऱ्यांच्या मशीनवर तो मोडला तर मागे घ्यायला वेळ राहील.