बाबांच्या डब्यातले पेन धुण्याआधी

शाई वाळून बसलेले जुने फाउंटन पेन रविवारी धुवायचे असतील तर पाण्याची सोय गुरुवारीच करून ठेवा. बाकी सगळं घरात सापडतं, पाणी सापडत नाही. निदान आमच्याकडे तरी नाही. दर्यापूरच्या या भागात, पूर्णेच्या खोऱ्यात, जमिनीखालचं पाणी खारं. अकोला, अमरावती, बुलडाणा अशा तीन जिल्ह्यांत हा खारपाणपट्टा पसरलेला आहे, आणि इथल्या विहिरीच्या पाण्यात साबणाला फेस येत नाही हे नव्या सुनेला पहिल्याच आठवड्यात कळतं. तुमचं पाणी कसं आहे हे पाहायला प्रयोगशाळा नको. उन्हाळा संपताना कुलरच्या गवतावर बोट फिरवा. तिथं जो पांढरा थर हाताला लागतो, तोच पेनाच्या जिभेत बसतो. जीभ म्हणजे निबेखालचा तो काळा तुकडा. तिच्यातली शाईची नाली केसासारखी बारीक असते. वाळलेली शाई काढायला आपण पाणी सोडायचं, ते पाणी वाळायचं आणि शाईच्या जागी क्षार बसायचे, असा उलटा कारभार होतो.

शहानूर धरणाच्या योजनेचं नळाचं पाणी येत असेल तर पहिल्या धुण्याला ते चालेल. शेवटचं धुणं मात्र डिस्टिल्ड वॉटरनंच करायचं. इन्व्हर्टर आणि ट्रॅक्टरच्या बॅटऱ्यांच्या दुकानात ते कॅनमध्ये मिळतं. एका पेनाला साधारण एक लिटर धरा, भिजवण्यासकट. दुकानात नुसतं ‘बॅटरीचं द्या’ म्हणू नका. तिथंच, तसल्याच कॅनमध्ये, ॲसिडही विकायला असतं. पाणी मागा, आणि कॅनवरचं लेबल वाचूनच घरी आणा. पावसाळा लागला असेल तर हेही नको. सुरुवातीच्या दोन-तीन सरी जाऊ द्या, मग अंगणात मधोमध स्टीलचं पातेलं ठेवा. टिनाच्या पन्हाळीचं पाणी घेऊ नका. बँकेच्या एसीच्या नळीखाली बाटली लावायची कल्पना माझ्या पुतण्याची. पाणी चांगलं असतं ते, नुसती धूळ गाळून घ्यावी लागते, पण वॉचमनला काय सांगायचं ते ज्याचं त्यानं पाहावं.

दुसरी तयारी पेनांची. आमचे बाबा अर्जनवीस होते, तहसिलीच्या आवारात कडुनिंबाखाली बसून लोकांचे अर्ज लिहून द्यायचे. ते गेल्यावर बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात सात पेन निघाले, सातही ठार वाळलेले. मी पहिल्या दिवशी सगळे एकदमच पाण्यात टाकले. तसं करू नका. आधी वर्तमानपत्रावर मांडा, वहीच्या कागदावर एकेकाची नोंद करा आणि शाई भरायची रीत कोणती ते पाहून वेगळे काढा. ड्रॉपरनं भरायचे पेन सगळ्यांत सोपे. मान फिरवली की मोकळे होतात. मान म्हणजे जिथं आपण बोटं धरतो तो भाग. दुसरे आत रबरी पिशवी असलेले. तिसरे दट्ट्याचे. चौथे, नळकांडी बदलायचे, हल्लीचे. हीरो ६१६ सारख्या पेनाची निब जवळजवळ पूर्ण झाकलेली असते. ते वळण पार्कर ५१ चं, तो १९४१ साली बाजारात आला, आणि निबेवर शाई वाळू नये हाच ती झाकण्यामागचा हेतू होता. तरी आमच्या मे महिन्यापुढे तिचंही चालत नाही. असल्या पेनाचं पुढचं टोक उघडायच्या फंदात पडू नका. ते चिकटवलेलं असतं आणि जोर केला की तडकतं. तोंड पाण्यात बुडवायचं आणि मागची पिशवी दाबत-सोडत राहायचं, वीसदा, तीसदा, हात दुखेपर्यंत.

पेन कशाचा आहे हेही आताच पाहून घ्या, नंतर उशीर होतो. काळा जुना पेन अंगठ्यानं जोरात चोळा आणि नाकाशी न्या. जळक्या रबरासारखा, गंधकासारखा वास आला तर तो एबोनाइटचा. रबर गंधकासोबत तापवून कडक केलं की एबोनाइट होतं. त्याला गरम पाणी आणि ऊन दोन्ही वर्ज्य. हे मला कळलं ते बाबांचा सर्वांत जुना पेन घालवल्यावर. मी गार पाणी बदलत बसलो होतो, तर काका आले. म्हणाले, “काहून एवढा तरास घेतं बे? उकयत्या पाण्यात टाक त्याले, दोन मिनिटांत निंघते सारी शाई.” शाई निघाली, काका काही खोटं बोलले नव्हते. पण काळा कुळकुळीत पेन पाण्याबाहेर आला तो शेणकुटासारखा हिरवट तपकिरी होऊन. तो रंग परत येत नाही. पॉलिशवाल्याकडे नेऊन वरचा थर घासून काढता येतो, पण मग त्यावरची कोरलेली अक्षरंही जातात. बाबांच्या नावाची तीन अक्षरं होती त्यावर. मी तसाच ठेवलाय.

आता शाई कोणती होती ते. स्वच्छ पांढरं फडकं ओलं करून निबेवर दाबून धरा. निळं किंवा जांभळं भरभर पसरलं तर निम्मी काळजी मिटली. ती साधी रंगाची शाई, पाण्यात विरघळते, फक्त वेळ मागते. थोडं निळं सुटून निबेवर राखाडी-काळं तसंच राहिलं तर लोहाची शाई समजा. दस्त लिहिणारे अशीच निळी-काळी शाई पसंत करायचे. ती हिराकस, म्हणजे लोहाचा क्षार, आणि मायफळासारख्या तुरट पदार्थातल्या टॅनिनची बनते. हवा लागली की काळी पडते आणि पाण्याला दाद देत नाही, म्हणून तर खरेदीखताला चांगली. पेनात वाळली की मात्र तोच गुण नडतो. तिच्यासाठी मेडिकलमधून व्हिटॅमिन सी आणून ठेवा. ५०० मिलिग्रॅमची एक गोळी अर्धा कप पाण्यात विरघळवून गाळून घ्यायची. तिनं लोह पुन्हा विरघळणारं होतं. संत्र्याच्या चवीची चघळायची गोळी आणू नका, तिच्यात साखर आणि रंग असतो. लिंबू पिळायचंही कोणी सुचवेल. साखर आणि गर आत गेला की मुंग्या लागतात. हे अनुभवाचे बोल आहेत, तपशील विचारू नका.

एक तिसरी जात आहे, तिच्यावर आशा ठेवू नका. चित्रकलेची काळी शाई, जिच्यात लाख असते, किंवा काजळी आणि बाभळीच्या डिंकाची घरगुती शाई. ती टाकासाठी, बोरूसाठी. फाउंटन पेनात एकदा वाळली की सिमेंट. आमच्या मावसभावानं एकदा शिक्क्याच्या पॅडची शाई भरली होती. तो पेन मी नोंदीच्या कागदावरूनच खोडला.

जुन्या पेनांत क्षार शाईबरोबरच आलेले असतात, हेही लक्षात घ्या. ज्या कॅमलिनची शाई पुढं घरोघर गेली, तिची सुरुवात १९३१ साली मुंबईत दांडेकरांनी शाईची पूड आणि गोळ्या विकण्यापासून झाली. गोळी आणायची आणि घरच्या पाण्यात विरघळवायची. घरचं पाणी म्हणजे आमच्याकडे विहिरीचं.

अवजारं फार लागत नाहीत. १० मिलीची सिरिंज, सुई काढून टाकलेली. दोन काचेचे ग्लास, पाण्याचा रंग दिसायला हवा म्हणून काचेचे. लहान मुलाचा मऊ टूथब्रश. जुन्या धोतराचं किंवा लुगड्याचं फडकं, धुऊन धुऊन मऊ झालेलं; नव्या कापडाचे धागे निबेत अडकतात. सायकलच्या ट्यूबचा वीतभर तुकडा, घट्ट बसलेली मान किंवा निब धरायला. भिंग. आणि चहाची गाळणी. ही गाळणी विसरू नका. मोरीवर धुताना जीभ हातातून निसटते, आणि नाली थेट रस्त्यावरच्या गटारीत जाते. तांब्या-पितळेचं भांडं नको, स्टीलचं ताट घ्या, त्यातच सगळं धुवा.

घरातून काय लपवून ठेवायचं तेही सांगतो. पक्कड, ब्लेड, टाचणी, काडेपेटी, स्पिरिट आणि नेलपॉलिश काढायचं पाणी. स्पिरिट आणि ते पाणी कित्येक प्लास्टिकं, सेल्युलॉइड खातात. पेन चिकट होतो किंवा पांढरा पडून तडकतो. ब्लेडबद्दल जरा थांबून बोलतो, कारण आमच्या वर्गात प्रत्येकानं हा उद्योग केला आहे. निबेची चीर ब्लेडनं रुंद केली की शाई जास्त येईल असं वाटतं. खरं उलट आहे. दिव्याच्या वातीत तेल चढतं तशी शाई चिरेतून चढते, अरुंद जागेच्या ओढीनं. चीर टोकाकडे निमुळती असते म्हणून शाई टोकापर्यंत ओढली जाते. ब्लेड घातलं की टोक फाकतं, ओढ तुटते आणि शाई वरच अडते. मग लेकरू पेन झटकतं आणि पुढच्या बाकावरच्याचा सदरा भरतो.

शनिवारी संध्याकाळी भिजत घाला. साधं गार पाणी, मानेपर्यंतच बुडेल इतकं. अख्खा पेन बुडवायचा नाही, क्लिप आणि टोपणाच्या आतल्या पत्र्याला गंज चढतो. ग्लासवर झाकण ठेवा, उन्हाळ्यात सकाळपर्यंत पाणी दोन बोटं खाली जातं. झोपण्याआधी एकदा आणि उठल्यावर एकदा पाणी बदला. सकाळी सिरिंजनं मानेच्या मागून पाणी सोडा, हळू. एकदम दाबलं तर जीभ सुटून उडते. लोहाच्या शाईचा पेन असेल तर यानंतर तासभर व्हिटॅमिन सीच्या पाण्यात आणि मग भरपूर साध्या पाण्यात. साध्या शाईचा अडून बसला तर ग्लासभर पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एकच थेंब. त्याहूनही हट्टी असेल तर नऊ भाग पाण्यात एक भाग घरगुती अमोनिया, खिडकी उघडी ठेवून, पण पितळ, तांबं, ॲल्युमिनियमचे भाग असलेल्या पेनाला नाही. संडास धुवायचं ब्लीचिंग त्या खोलीतसुद्धा नको. दोन्ही मिसळले की विषारी वायू होतो. मला अमोनिया सातांत एकदाच लागला.

निब ओढून काढावी का? शक्यतो नाही. भिजवून भागत असेल तर हात लावू नका. काढायचीच तर आधी निब जिभेवर किती पुढं आहे याचा मोबाइलवर फोटो काढा, ट्यूबच्या तुकड्यात दोन्ही एकत्र धरा आणि सरळ ओढा, न पिळता.

वाळवायला सावली. आमच्याकडे सगळं छपरावर टाकायची सवय, मिरच्या, कुरडया, वड्या. पेन त्यांच्या पंगतीला नको. फडक्याची घडी ग्लासात घालून पेन निब खाली करून उभे ठेवा. फडकं उरलेलं पाणी शोषतं. रात्रभर.

भरायची शाई साधी, पाण्यानं धुता येणारी आणा. आणि उन्हाळ्यात ड्रॉपरचा पेन कायम काठोकाठ भरा. हे लोकांना पटत नाही, गळेल म्हणतात. पण गळतो तो अर्धा रिकामा पेन. शाईच्या वरची हवा खिशातल्या गर्मीनं फुगते आणि शाईला बाहेर ढकलते. जिभेवरच्या आडव्या खाचा तेवढी जास्तीची शाई धरून ठेवायलाच असतात, पण वैशाखातली एसटी त्यांच्या हिशेबात नव्हती. बाबांच्या प्रत्येक पांढऱ्या सदऱ्याला डाव्या खिशाखाली एक निळं बेट होतं. मानेच्या आट्यांना किंचित सिलिकॉन ग्रीस लावा. व्हॅसलीन नको, रबर असेल तिथं ते रबर खराब करतं. पंधरा दिवस लिहायचं नसेल तर शाई बाटलीत परत न ओतता फेकून द्या आणि पेन धुऊन ठेवा.

पहिली रेघ ओढायला गुळगुळीत कागदाची वही हाताशी ठेवा. सुरुवातीला शाई फिकी येते, आत पाण्याचा अंश असतो. चार ओळींत गडद होते. आमच्या सातांपैकी पाच लिहितात, एक खोडलेला, आणि सातवा अजून ग्लासात आहे. आज तिसरा दिवस. सकाळी पाणी बदललं, आत्ता पाहिलं तर परत निळं झालं होतं.